दारातली बादली

"आत्या, खरं सांगा. ह्याला दूध पाजलंत ना?"

मागच्या खोलीच्या फरशीवर पांढरट ओकारी पडली होती आणि तिचा ओघळ आत्यांच्या लुगड्याच्या काठापर्यंत आला होता. भुंग्या पोत्याच्या घडीवर आडवा पडला होता. आमचं दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू. त्याच्या पुढच्या पायात सलाइनची सुई होती, चिकटपट्टीनं बांधलेली, आणि तो पाय आत्यांच्या हातात होता. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात, मग ती वडिलांची बहीण असो नसो.

"चमचाभर," त्या म्हणाल्या. "व्हट वाळलं व्हतं गं त्याचं. बोट वलं करून लावलं तर चाटाय लागला. मग दिलं चमचाभर."

"डॉक्टरांनी काय बजावलं होतं? ओकारी थांबेपर्यंत पोटात थेंब नको म्हणून! आतडी सोलून निघालीयत त्याची. त्यावर तुम्ही दूध ओतलंत?"

"लेकराला उपाशी कसं ठिवायचं..."

"लेकरू नाही ते! आजारी जनावर आहे. आधी आजार घरात आणलात तुम्ही, आणि आता ह्याच हातानं..."

पुढचं मी बोलले नाही. बोलायची गरजही उरली नव्हती. आत्यांनी मान वर केली नाही, उलट उत्तर दिलं नाही, भुंग्याचा पायही सोडला नाही. फक्त मोकळ्या हातानं पदराचं टोक ओढलं आणि त्याचं तोंड पुसलं.

ह्याला आता वीस वर्षं होतील. आत्या जाऊन अकरा झाली. मी शाळेतून निवृत्त झाले, नव्या पिढीच्या बाया माझ्या वर्गात शिकवतात. त्या दुपारचं माझं ते अर्धं वाक्य मात्र अजून निवृत्त झालेलं नाही.

तेव्हा आम्ही बार्शीत नवीनच रो हाउस घेतलं होतं. ह्यांची, म्हणजे सुधाकरची, नोकरी साखर कारखान्यावर, दुसऱ्या जिल्ह्यात. ते रविवारी येत. मुलगा शिकायला पुण्यात. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत असे, आणि नुसतं शिकवतच नसे, तर अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यक्रमही करत असे. दारावर बांधलेली लिंबू-मिरची सोडवून ती सगळ्यांदेखत कचाकचा खाऊन दाखवायची, हा माझा खेळ तालुक्यात गाजलेला. गावोगावच्या यात्रा-जत्रांत मला बोलावणं असे. मिरची तिखट लागली तरी चेहऱ्यावर दाखवायची नाही, एवढंच त्यातलं कसब.

सासरे गेले आणि सहाव्या महिन्यात आम्ही आत्यांना गावाकडून घेऊन आलो. वस्तीवरच्या त्या घरात एकटीनं कसं राहायचं म्हणून. पण आणल्यापासून बाईंचं मन काही लागेना. दिवसभर पुढच्या पायरीवर बसायच्या. जेवताना अर्धी भाकरी मोडायच्या, त्यातली चतकोरच खायच्या. दर आठ दिवसांनी एकच पालुपद, "सुधाकरला सांग, मला गावाकडं सोड म्हणावं." तिकडे घरात कुणी नाही, विहिरीवर एकट्या जाणार, पाय घसरला तर दोन दिवस कुणाला कळायचं नाही. हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी पालुपद चालूच.

वर्षश्राद्धाला गावी गेलो तेव्हा कडब्याच्या गंजीखाली त्यांची हौशी कुत्री व्याली होती. येताना एसटीत आत्या पदर धरून बसल्या होत्या आणि पदर हलत होता. कंडक्टरनं विचारलं, "आजी, पदरात काय हाय?"

"नातू हाय," आत्या म्हणाल्या.

कंडक्टरनं वाकून बघितलं. काळंभोर पिल्लू, नाकाडावर पांढरा ठिपका. तो म्हणाला, "आजोबावर गेलाय वाटतं."

मला वाटलं, आता ही बाई त्याला फाडून खाणार. पण आत्या हसल्या. सासरे गेल्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघत होते. अर्धी एसटी हसली.

त्या दिवसापासून 'गावाकडं सोड' बंद झालं. सारखा गुणगुणतो म्हणून नाव भुंग्या. तो आत्यांच्या पदराच्या टोकावर झोपायचा, म्हणून त्यांना उठायचं असलं तरी त्या उठायच्या नाहीत. भाकरी आता अर्धीच्या जागी दोन लागू लागल्या. एक भुंग्याची म्हणायच्या, पण त्यातली निम्मी त्याच खायच्या. सुधाकर मला म्हणाले होते, "हे कुत्रं घरात आहे तोवर आई घरात आहे. सांभाळ त्याला." ते हसत म्हणाले, पण आम्हा दोघांनाही ते पक्कं ठाऊक होतं.

आत्यांनी गावाकडून भुंग्याखेरीज आणखी एक गोष्ट आणली होती, ती म्हणजे बादली. दारात, पायरीच्या डाव्या अंगाला, पाण्यानं भरलेली बादली आणि वर तांब्या. बाहेरून येणाऱ्यानं पाय धुवावेत आणि मग उंबरा ओलांडावा. शेतातून आलेल्या माणसाला ठीक आहे, पण मी शाळेतून यायची, पायात सँडल, ते काढून आत ठेवले की झालं. "आत्या, चिखल तुडवून नाही आले मी," मी म्हणायची. दोनदा तर ती बादली माझ्या पायात येऊन लवंडली. आत्या काही बोलायच्या नाहीत. माझ्या येण्याच्या वेळेला बादली पुन्हा भरलेली असायची, आणि मी ती रोज ओलांडून आत जायची. आमचा दोघींचा तो एक मुका खेळच होऊन बसला होता.

रविवारी भुंग्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. सोमवारी पहाटेपासून ओकाऱ्या. उजाडता उजाडता हगवण लागली आणि तिच्यात रक्त. तो वास मी आयुष्यात विसरणार नाही. कुजकं, गोडसर, लोखंडासारखं काहीतरी. शाळेत सहामाही परीक्षा चालू होती. मी फोन करून पर्यवेक्षण बदलून घेतलं, भुंग्याला बाजाराच्या पिशवीत घातलं आणि आम्ही दोघी रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टर तांबोळी तसे गाई-म्हशींचे. हात मोठे, बोलणं हळू. त्यांनी भुंग्याच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती खाली बसली नाही, तशीच उभी राहिली. हिरड्या बघितल्या. खडूसारख्या पांढऱ्या.

"पार्वो," ते म्हणाले. "लस दिली होती?"

"द्यायची होती. परीक्षा संपल्या की आणणारच होते."

त्यांनी मान हलवली. हे उत्तर त्यांनी पुष्कळदा ऐकलेलं असावं. "मॅडम, ह्या रोगावर औषध नाही. शिरेतून पाणी देत राहायचं, ओकारी थांबवायची, ऊब द्यायची आणि वाट बघायची. ओकारी थांबेपर्यंत तोंडानं काही नाही. पाच दिवस काढले, तर जगेल."

"आणि न्हाय काढलं तर?" आत्यांनी विचारलं.

 डॉक्टर भुंग्याच्या पायावरचे केस कातरून शीर शोधायला लागले. शोधता शोधता, खाली मान घालूनच त्यांनी विचारलं, "जवळपास कुठं पिल्लं मेली का एवढ्यात? हा रोग उडत येत नाही. चपलेला, पायाला, कपड्याला चिकटून येतो. माणसाला काही करत नाही, पण माणूसच त्याला घरपोच करतो. कुणी गेलं होतं का असल्या ठिकाणी?"

सुई शिरेत गेली. भुंग्या कळवळला नाही, एवढं त्राणच नव्हतं. डॉक्टरांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. शिकलेली बाई दिसली की लोक तिच्याकडेच बघतात.

"मी गेले व्हते," आत्या म्हणाल्या. "आमच्या मागल्या गल्लीत. तितं मेली पिल्लं. बघाय गेले व्हते."

"मग घरी आल्यावर?"

"पाय न्हाईत धुतलं. तशीच आले आन् ह्याला घेतलं मांडीवर."

"असू द्या आजी," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला काय माहीत." मग मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही सायन्सच्या, तुम्हाला सांगतो. फिनेलनं हा मरत नाही. ब्लीचिंग पावडरचं पाणी करा आणि सगळी फरशी पुसून काढा. मातीत तर हा वर्षवर्ष जिवंत राहतो. त्यामुळे, उद्या काही वाईट झालं, तर वर्षभर दुसरं पिल्लू आणायचं नाही."

मी हो म्हटलं.

घरी मागच्या खोलीत छताला पाळण्याची कडी होती. बिल्डरनं सगळ्याच घरांना बसवली होती. तिला हँगर अडकवून त्यावर सलाइनची बाटली टांगली. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ स्कूटरवरून यायचे, इंजेक्शनं द्यायचे, बाटली बदलून जायचे. मधल्या वेळात सुई निसटू नये म्हणून तो पाय कुणीतरी धरून बसायला हवं होतं. ते आत्यांनी धरलं. सोमवार धरला, मंगळवार धरला. जेवायच्याही तिथंच, डाव्या हातानं. मी एकदा म्हटलं, "द्या माझ्याकडे, तुम्ही पडा जरा." त्या म्हणाल्या, "तुजी फरशी ऱ्हायलीय."

फरशी मी घासत होते. बादल्याच्या बादल्या ब्लीचिंगचं पाणी. हाताची सालटं निघाली, डोळे चुरचुरले, तरी मी पुढची खोली घासली, मागची घासली, पायऱ्या घासल्या, फाटकापर्यंतची शहाबादी फरशी घासली. आत्या दारातून बघत म्हणाल्या, "किती घासशीला शैला? फरशी जाईल." मी घासत राहिले. घासायला काही उरलं नाही तेव्हा माझे शाळेचे सँडल मी ब्लीचिंगमध्ये बुडवून ठेवले. त्यांचा रंग गेला.

बुधवारी भुंग्या आणखी खंगला. पोट पाठीला लागलं. शेपटी चिखलात पडलेल्या दोरीसारखी. आणि त्या दुपारी मी पेपर तपासून घरी आले, तर फरशीवर ती पांढरी ओकारी. पुढचं मी सांगितलंच आहे.

मी मास्तरीण. चूक दिसली की लाल पेन आपसूक हातात येतं. आणि त्या दुपारी मला चूक सापडली होती, दुसऱ्याची, चमच्याएवढी, साक्षात फरशीवर पडलेली. मी तिला धरून ठेवलं. संध्याकाळी डॉक्टर येईपर्यंत मी तीन वेळा म्हटलं असेन, "दूध दिलं नसतं तर आज उतार पडला असता."

आत्या ऐकून घेत होत्या. दिवेलागणीला त्यांनी देवापुढे दिवा लावला, खुंटीची कापडी पिशवी काढली आणि तिच्यात दोन लुगडी, पानाची चंची, सासऱ्यांचा फोटो असं एकेक घालून ती पुन्हा खुंटीला अडकवली.

"ह्याचं काय व्हायचं ते झालं की मी जाते," त्या म्हणाल्या. "सुधाकरला आत्ता नगं सांगू. रविवारी आला की सांगू."

मी काय म्हणायला हवं होतं, ते मला त्याही वेळेला माहीत होतं. मी "बरं" म्हटलं.

गुरुवारी सकाळी दारातून आत येताना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. बघितलं, तर बादली नव्हती. ती मागं नळाजवळ पालथी घातलेली होती, तांब्या तिच्यावर उपडा. बुधवार दुपारपासून आत्यांनी ती भरलीच नव्हती. इतके महिने ती बादली मला अडचण वाटत होती. आता त्या रिकाम्या जागेवरूनही मी पाय उचलूनच आत गेले.

त्याच सकाळी भुंग्या जरा तरतरीत वाटला. रात्रभर ओकारी नव्हती. आत्यांनी "भुंग्या रं" म्हटलं, तर शेपटीचं टोक हललं. एकदाच, पण हललं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आत्या म्हणाल्या, "हललं न्हवं?" मी म्हटलं, "हललं." मला इतकं हलकं वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन, डॉक्टरांनी परवानगी दिली तर द्यायला हवी म्हणून, तांदळाची पेज चढवली. मनात म्हटलं, हा जगला तर सगळं आपोआप मिटेल. पिशवी उतरेल, बादली भरेल, आणि कुणाला काही सांगावंही लागणार नाही.

पेजेला उकळी यायच्या आत आत्यांनी हाक मारली. हाक म्हणजे नुसतं "अगं" एवढंच.

भुंग्याची मान त्यांच्या हातात मागं पडली होती. सलाइनचा थेंब नळीत पडत होता, पण पुढं सरकत नव्हता.

डॉक्टर दहा वाजता आले. त्यांनी सुई काढली, पट्टी काढली, पिल्लाचा तो छोटासा पाय अंगाशी दुमडून ठेवला. फाटकापर्यंत मी त्यांना सोडायला गेले आणि विचारलं, "डॉक्टर, दुधामुळे का?"

"छे हो," ते म्हणाले. "चमचाभर दुधानं कुठं मरतंय? वाचणारं नव्हतंच ते मॅडम. मला सोमवारीच वाटलं होतं. आजी इतक्या मायेनं धरून बसल्या होत्या, म्हणून बोललो नाही. दूध गोड लागलं असेल बिचाऱ्याला, तेवढंच." स्कूटरला किक मारताना म्हणाले, "खोल पुरा. वर ब्लीचिंग टाका. कुत्री उकरतात."

आमच्या ओळीच्या मागं मोकळा प्लॉट होता. मी फावडं घेतलं, भुंग्याला आत्यांच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि एकटीच गेले. आत्या दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. ऊन चढलं होतं. जमीन कडक होती. मी खणायला लागले.

दहा दिवसांत पिल्लासाठी खड्डा खणायची ही माझी दुसरी वेळ होती.

पहिला खड्डा मी मागल्या गल्लीत खणला होता, जगदाळ्यांच्या परसात. जगदाळे वहिनींची पोर माझ्याच वर्गात. त्यांचं एक पिल्लू आदल्या दिवशी गेलं होतं आणि दुसरं शेवटच्या घटका मोजत होतं. वहिनी रडत रस्त्यातच भेटल्या, "बाई, तुम्ही सायन्सच्या, बघा ना जरा." मी शाळेतून तशीच गेले. पिल्लू माझ्या हातात गेलं. मी त्याला पोत्यात गुंडाळलं, खड्डा खणला, पुरलं. कुणीतरी विष घातलं असेल, असं निदानही करून टाकलं. त्याच आठवड्यात मी नववीच्या वर्गाला सूक्ष्मजीवांचा धडा शिकवत होते. रोगजंतूंचा प्रसार कसा होतो, पाच मुद्दे, फळ्यावर लिहून दिले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

घरी आले तर आत्या दारात उभ्या. माझ्या हाताला माती, पोत्याचा वास. त्यांनी विचारलं, "कुटं गेलतीस?" मी सांगितलं.

"मग आत नगं येऊस अशी. मरणाला हात लावून आलीस. पाय धू. अंगावर पाणी घे. मी बादली भरलीय."

"आत्या!" मी म्हटलं. "कुत्र्याच्या पिल्लाचं कसलं सुतक? विटाळ-बिटाळ काही नसतो. मी जन्मभर हेच तर सांगत फिरतेय लोकांना, आणि माझ्याच घरात..."

चांगलं पाच मिनिटं भाषण दिलं मी, भर दारात. मग ती बादली ओलांडली, घरात गेले, आणि भुंग्या शेपूट हलवत पायात आला म्हणून त्याला उचलून मांडीवर घेतलं. हात मग धुतले, चहा करायच्या आधी.

आत्या मागल्या गल्लीत कधी गेल्याच नव्हत्या. त्यांना ती गल्ली कुठून सुरू होते हेसुद्धा ठाऊक नव्हतं. सोमवारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला सगळं एका क्षणात कळलं होतं. मी तोंड उघडणार होते. उघडणारच होते. पण तोवर आत्या बोलून गेल्या, आणि मी मूग गिळून बसले. पुढं वाईट ते हे की दोन दिवस त्यांचं खोटं मनात घोळवून घोळवून ते मलाच खरं वाटायला लागलं. बुधवारी मी जे बोलले ते रागाच्या भरात, पण अगदी मनापासून बोलले.

खड्डा झाला. मी भुंग्याला आत ठेवलं. नाकाडावरचा पांढरा ठिपका लुगड्यातून दिसत होता, तो झाकला. माती लोटली, ब्लीचिंग टाकलं, वर दगड रचले. आणि तिथंच खाली बसून, तालुक्याला ज्ञान वाटणारी मी, पदर तोंडात कोंबून रडले.

घरी आले. दार उघडंच होतं. आत्या आत भिंतीला टेकून बसल्या होत्या, पोत्याच्या रिकाम्या घडीकडे बघत. हात अजून मांडीवर तसाच, पाय धरल्यासारखा.

मी पायरीवर थांबले. डावीकडे बघितलं. बादली नव्हती. मला आत पाऊल टाकवेना.

"आत्या," मी म्हटलं, "पाणी द्या पायांवर."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आता कशाला गं? आता आत कोन हाय?"

वीस वर्षांत मला पुष्कळ लोक पुष्कळ बोलले. असं कुणी बोललं नाही. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्यांनी खरंच विचारलं होतं.

"तुम्ही आहात," मी म्हटलं.

त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीला धरून. मागं गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. बादली अर्धीच भरून, दोन्ही हातांनी उचलून त्या दारात आल्या.

"मागल्या गल्लीत तुम्ही नव्हता गेलात," मी म्हटलं. "मी गेले होते."

"ठावं हाय की. मीच न्हवं का दारात उभी व्हते."

"मग डॉक्टरांना तसं का सांगितलंत?"

आत्यांनी तांब्या भरला. "तू गप बसलीस म्हनून," त्या म्हणाल्या. "डॉक्टर तुज्या तोंडाकडं बघत व्हता. तुला काय बोलंना. कुनीतरी बोलाय पायजे व्हतं."

"आणि काल मी तुम्हाला एवढं बोलले, तेव्हा?"

"तवा तू बोलत व्हतीस," त्या म्हणाल्या. "एका येळंला दोगी कशा बोलनार?"

माझ्या पायांवर गार पाणी पडलं. मी एक पाय दुसऱ्यावर घासला.  आत्या वाकून बघत होत्या.

"टाचा घास," त्या म्हणाल्या. "समदं टाचंतच ऱ्हातंय." आणि मग माझ्या हातांवर पाणी घालता घालता सोमवारपासून न रडलेल्या आत्या तिथं दारात, बादलीपाशी, उभ्या उभ्या रडल्या. मी ओल्या हातांनीच त्यांना धरलं.

रविवारी सुधाकर आले. मी त्यांना सगळं सांगितलं, आत्यांचं मागल्या गल्लीत न जाण्याचं आणि माझं जाण्याचं, माझं गप्प बसण्याचं, बोलण्याचं. आत्या मधेच म्हणाल्या, "झालं की आता, किती उगळशीला?" पण मी शेवटपर्यंत सांगितलं.  खुंटीवरच्या पिशवीकडे बघून त्यांनी आईला विचारलं, "मग? कधी निघायचं म्हणतेस?"

"बघू," आत्या म्हणाल्या. "डॉक्टरनं वरीसभर पिल्लू आनू नगं म्हनलंय. वरीस कुनी मोजायचं मग? हिला काय, साळंतनं सवड न्हाय."

पिशवी मात्र लगेच सोडली नाही त्यांनी. आधी चंची बाहेर आली, मग चार दिवसांनी फोटो. लुगडी दिवाळीपर्यंत तिच्यातच होती.

सोमवारी परीक्षेचं काम आटपून मी दुपारी घरी आले. पायरीच्या डाव्या अंगाला बादली होती, काठोकाठ भरलेली, वर तांब्या. मी सँडल काढले, तांब्या बुडवला आणि पायांवर पाणी घेतलं. पाण्याला ब्लीचिंगचा उग्र वास येत होता.